अगाथा ख्रिस्तीच्या डेव्हनमध्ये दोन दिवसांत काय पाहावं?

डेव्हन हा इंग्लंडमधला परगणा. मुक्काम तिथल्या टॉर्कीला करा; रहस्यकथा लिहिणाऱ्या ख्रिस्तीचा जन्म इथलाच, १८९० चा. लंडनच्या पॅडिंग्टनहून रेल्वेने साधारण तीन तास लागतात, बहुतेक वेळा न्यूटन ॲबटला गाडी बदलावी लागते. टॉर्की म्युझियममधलं तिच्यावरचं दालन तासाभरात होतं.

पहिला दिवस ग्रीनवेला द्या. डार्ट नदीकाठचं हे घर तिने १९३८ मध्ये घेतलं. तिच्या 'डेड मॅन्स फॉली' कादंबरीतलं बोटहाऊस इथलंच. घरापेक्षा तेच आधी पाहा, पण परतताना चढ आहे. गाडीने जाणार असाल तर पार्किंग आधीच बुक करावं लागतं. त्यापेक्षा पेंटनहून वाफेच्या इंजिनाची गाडी घ्या. ग्रीनवे हॉल्टला उतरायचंय हे गार्डला आधी सांगा, नाहीतर गाडी थेट किंग्सवेअरला नेईल. हॉल्टपासून जंगलातून अर्धा तास चाल, म्हणून चिखलात चालतील असेच बूट घाला.

दुसरा दिवस बर्ग आयलंड. 'अँड देन देअर वेअर नन' आणि 'ईव्हिल अंडर द सन' या तिच्या कादंबऱ्यांतली बेटं याच्यावरून सुचलेली. बिगबरी-ऑन-सीहून ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं, भरतीत उंच चाकांचा सी ट्रॅक्टर नेतो. भरतीचं पाणी दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये मिळतं, त्यामुळे 'अजून घोट्याएवढंच आहे' म्हणत निघू नका. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून मगच दिवस ठरवा. बेटावरच्या हॉटेलात बुकिंगशिवाय डोकावता येईल असं धरू नका. बेटावरचा पिल्चर्ड इन हा पब मात्र बघाच.