मेझों कारे: 'चौरस घर' की 'चौकोनी घर'?

प्रश्न असा: दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहराची ओळख लिहिताना तिथल्या 'मेझों कारे'ला मराठीत 'चौरस घर' म्हणावं का?

अजिबात नाही. पण शहराचं नाव तरी नीट लिहिलंत, बरं वाटलं. 'नाइम्स', 'निम्स' ऐकून कान किटलेत. शेवटच्या 'स'चा उच्चार होत नाही. डेनिम म्हणजे 'द नीम', नीमचं, हे सर्वांना पाठ असतं, ते सोडून देऊ.

मुळात ते घर नाही, रोमन देऊळ आहे. सम्राट ऑगस्टसचे दत्तक पुत्र गायस आणि लुसियस यांना इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आरंभी अर्पण केलेलं. लांबी साधारण २६ मीटर, रुंदी साडेतेरा, म्हणजे जवळजवळ दुप्पट लांब. तरी त्याला 'चौरस मंदिर' म्हणायचं आणि शेजारी लांबट इमारतीचा फोटो छापायचा!

'मेझों' म्हणजे घर आणि 'कारे' म्हणजे आजच्या फ्रेंचमध्ये चौरस. मग नाव देणारे फ्रेंच चुकले, असंही काही जाणते सांगतात. साफ चूक. पूर्वी फ्रेंचमध्ये 'कारे' म्हणजे चार काटकोनांचं काहीही. आयताला 'कारे लों' म्हणत, लांब कारे.

आपला 'चौरस' याच वाटेने आलाय. चतुर् अधिक अस्र, म्हणजे कोपरा: चतुरस्र, प्राकृतात चउरस्स, मराठीत चौरस. यात 'रस' कुठेच नाही. 'चौरस आहारा'त चार रस शोधणाऱ्यांनी आधी मोजावं, आपल्याकडे रस सहा! शुल्बसूत्रं या प्राचीन संस्कृत ग्रंथांत यज्ञवेदी दोरीने आखायच्या रीती आहेत, तिथे समचतुरस्र म्हणजे आजचा चौरस आणि दीर्घचतुरस्र म्हणजे आयत. दीर्घचतुरस्र आणि कारे लों, हुबेहूब एकच घडण! शिवाय चतुर् आणि 'कारे'च्या मुळातला लॅटिन क्वात्तुओर हेही एकाच कुळातले. नुसत्या शब्दाला बाजूंच्या लांबीशी देणंघेणं नव्हतं, म्हणून 'सम' नि 'दीर्घ' लावावं लागे. पुढे 'सम' गळलं आणि चौरस समभुजाला चिकटला. माझा कयास, हे मोजणीमुळे झालं असावं: क्षेत्रफळाला एकक लागतं ते समभुजच, चौरस हात, चौरस फूट. रोज तोंडी असलेल्या मापाने शब्दाचा अर्थ आवळला.

चतुष्कोणातून आलेला 'चौकोन' मात्र मोकळा राहिला. तेव्हा पहिल्या उल्लेखात 'मेझों कारे, म्हणजे चौकोनी घर' असं लिहा, पुढे नुसतं मेझों कारे.