‘मूलभूत चौकट’ हा सिद्धांत (संसद घटनादुरुस्ती करू शकते, पण राज्यघटनेचा गाभा बदलू शकत नाही) एका जर्मन प्राध्यापकाने भारतात आणला, हे खरे आहे का?
बऱ्याच अंशी खरे आहे. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतील कायद्याचे अभ्यासक डीटर कॉनराड यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातील व्याख्यानात, संसदेने दोन-तृतीयांश बहुमताने जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण करणारा अनुच्छेद २१ च काढून टाकला तर चालेल का, असा थेट प्रश्न उपस्थित केला होता. हाच युक्तिवाद वकील एम. के. नंबियार यांनी घटनादुरुस्तीच्या अधिकारावरील गोलकनाथ खटल्यात मांडला आणि सर्वोच्च न्यायालयाने हा सिद्धांत मान्य केला त्या १९७३ च्या केशवानंद भारती निकालात न्या. खन्ना यांनी कॉनराड यांचा नामोल्लेख करून त्यांचे विधान उद्धृत केले, हा माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा आहे. मात्र सारे श्रेय त्यांना देता येणार नाही, कारण घटनादुरुस्तीवरच्याच सज्जन सिंग खटल्यात न्या. मुधोळकरांनी राज्यघटनेच्या ‘मूलभूत वैशिष्ट्यां’चा मुद्दा पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार घेऊन स्वतंत्रपणे मांडला होता.