लेसर सुरू करताय? आधी गादी बघा

कुत्र्याला पडून राहून जखम झालीय आणि त्यावर लेसरचे (प्रकाशकिरणांचे) उपचार सुरू करताय, तर आधी एक सांगतो, स्वतःला दोष देत बसू नका. उठता न येणाऱ्या कुत्र्याला कोपरावर किंवा खुब्याच्या हाडावर जखम व्हायला फार वेळ लागत नाही. माझ्या म्हाताऱ्या कुत्रीला झाली तेव्हा माझं सगळं लक्ष लेसरच्या यंत्राकडे होतं. तिथेच चुकलो.

लेसर जखम भरायला हातभार लावतो, दाब काढत नाही. हाड आणि जमीन यांच्यात कातडी चिमटली की तिथला रक्तपुरवठा अडतो. तो अडलेलाच राहिला तर कितीही सेशन घ्या, जखम परत उघडते. म्हणून जाड, अंगाच्या वजनाने तळापर्यंत न दबणारी गादी हवी आणि दर २ ते ४ तासांनी कूस बदलायला हवी. हो, रात्रीसुद्धा. लघवीने भिजलेलं अंग लगेच धुऊन कोरडं करा.

लेसरचं सुरुवातीला एवढंच:

- जखम आधी डॉक्टरांना दाखवा. आत पू किंवा मेलेली कातडी असेल तर ती आधी साफ करावी लागते. कॅन्सरच्या गाठीवर लेसर नको.
- सेशनआधी मलम पुसून घ्या.
- संरक्षक चष्मा तुम्हालाही आणि कुत्र्यालाही. नवखे हमखास विसरतात.
- काळे केस, काळी कातडी जास्त तापते. कुत्रं अंग आकसायला लागलं की लेसर देणाऱ्याला थांबायला सांगा.

घरी वापरायचं यंत्र लगेच विकत घेऊ नका. वेव्हलेंग्थ (प्रकाशाची तरंगलांबी) आणि ज्यूलचं (किती ऊर्जा द्यायची त्याचं) गणित नंतर बघू. आज फक्त जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून एक फोटो काढा, दर दोन दिवसांनी तसाच दुसरा.