वाचकांचे प्रश्न : आश्रयाला आलेल्या प्राण्यांच्या शेतावर मुक्कामाला जाताना

कत्तलखान्याच्या वाटेवरून परत आणलेली, ओझी वाहून निकामी झालेली किंवा मालकाने रस्त्यावर सोडून दिलेली जनावरे काही शेतांवर अखेरपर्यंत सांभाळली जातात, आणि त्यांच्या वैरणीला व औषधपाण्याला हातभार म्हणून दोन-चार खोल्या पाहुण्यांना राहायला दिल्या जातात. अशा शेतांविषयी या सदरात लिहिल्यावर बरीच पत्रे आली. पुन्हा पुन्हा आलेले पाच प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : जाहिरातीत प्रत्येक शेत ‘सुटका केलेल्या प्राण्यांचे घर’ असते. आम्ही गेलो तेथे मात्र मुलांच्या हातात कोकरे देऊन दिवसभर फोटो काढणे चालले होते. खरे आश्रयस्थान ओळखावे कसे?

खोली ठरवण्याआधी फोनवर एक प्रश्न विचारावा : गेल्या वर्षीची करडे आणि कोकरे आता कोठे आहेत? शेळी-मेंढी साधारण पाच महिने गाभण असते आणि पिल्लाचे बाटलीने दूध पिण्याचे वय जेमतेम दोन-तीन महिने टिकते. त्यामुळे जेथे वर्षातून केव्हाही गेले तरी कडेवर घेण्याजोगी पिल्ले हजर असतात, तेथे त्यांची मुद्दाम पैदास केली जात असणार आणि मोठी झाल्यावर त्यांची कोठेतरी रवानगी होत असणार, हे वेगळे सांगायला नको. खऱ्या आश्रयस्थानात पैदास होत नाही. नर खच्ची केलेले असतात आणि कळपात म्हाताऱ्यांचाच भरणा अधिक असतो. गुडघे सुजलेली, दात पडलेली शेळी जाहिरातीत शोभत नाही. म्हणूनच ती जाहिरातीत दिसली, तर मी ते शुभलक्षण समजते.

पोहोचल्यावर जनावरांच्या डोळ्यांआधी त्यांचे खूर पाहावेत. गाढवाचे खूर दर सहा ते दहा आठवड्यांनी छाटावे लागतात. तसे झाले नाही, तर ते पुढे वाढत जाऊन टोकाशी वर वळतात, आणि मग जनावर प्रत्येक पाऊल टाचेवर भार देऊन चोरत टाकते. नुकत्याच आलेल्या गाढवाचे खूर असे असतील, तर त्यात शेतमालकाचा दोष नाही. दोन वर्षे तेथे असलेल्या गाढवाचे तसे असतील, तर मात्र निघून यावे. नवी जनावरे काही आठवडे वेगळी बांधलेली असणे हीदेखील चांगली खूण आहे, कारण त्यांच्याबरोबर आलेला आजार कळपात शिरू नये यासाठी तसे करावेच लागते. त्या कुंपणापाशी पाहुण्यांना जाऊ दिले नाही, म्हणून नाराज होऊ नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जनावरांना पाहुण्यांपासून दूर निघून जाता येईल अशी जागा आहे का, हे पाहणे. ब्रिटनमध्ये 1965 साली ब्रॅम्बेल समितीने पाळीव जनावरांना निदान उठता, बसता, वळता, अंग चाटता आणि पाय ताणता आले पाहिजेत, असे सुचवले होते. पुढे 1979 साली त्यातूनच ‘पाच स्वातंत्र्ये’ मांडली गेली : भूक-तहानेपासून, गैरसोयीपासून, दुखण्या-आजारापासून आणि भीतीपासून मुक्ती, आणि स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. पाहुणे येतात त्या शेतावर या पाचव्या स्वातंत्र्याचा अर्थ माझ्या लेखी अगदी साधा आहे. नको असलेल्या हातापासून जनावराला उठून जाता आले पाहिजे, आणि गेल्यावर कोणी त्याच्या मागे जाता कामा नये. गोठ्याला मागच्या बाजूने कुरणाकडे उघडणारे दार असेल आणि त्या दारापलीकडे पाहुण्यांना मनाई असेल, तर बाकीच्या उणिवा, म्हणजे डुगडुगती खाट आणि न तापणारे पाणी, मी पोटात घालते.

प्रश्न : आमची पाच वर्षांची मुलगी प्राणी दिसला की मिठी मारायला धावते. प्राणी पळतात, मग ती रडते. तिला काय शिकवावे?

तिला धावू नको असे सांगण्यापेक्षा बसायला शिकवावे. प्रत्येक जनावराचे अनोळखी प्राण्यापासून राखायचे एक अंतर ठरलेले असते, आणि त्याच्या आत कोणी आले की ते हलते. स्वित्झर्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ हैनी हेडिगर यांनी या पलायन-अंतराचा अभ्यास केला. गुराख्यांना ते नाव न देताही पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मार खाल्लेल्या जनावराचे हे अंतर मोठे असते. ते मिठाईने किंवा लाडाने कमी होत नाही. ते कमी होते ते केवळ जनावराने स्वतः पुढे येण्याचे ठरवले तर.

कुंपणाच्या आत एखादे घमेले पालथे घालून मुलीला त्यावर बसवावे, आपण शेजारी उकिडवे बसावे आणि हात मांडीवर ठेवावेत. पहिली दहा मिनिटे बहुधा काहीच घडत नाही. मग एखादी धीट शेळी अर्धवर्तुळ घेत बाजूने येते, मान लांब करून बुटाची नाडी हुंगते आणि दचकून मागे सरते. दुसऱ्या खेपेला ती नाडी ओढून पाहते. तिसऱ्या खेपेला ती सदऱ्याची कड चावू लागली, की मुलीने हात उचलावा. मात्र तो डोक्याकडे न नेता खांद्याकडे न्यावा आणि मानेच्या बुडाशी खाजवावे. कपाळावर हात येतो तो शेळीला नीट दिसत नाही आणि आवडत तर मुळीच नाही. शिंगे धरून ढकलाढकलीचा खेळ कधीही खेळू नये, कारण शेळीच्या भाषेत ते टक्करीचे आमंत्रण असते, आणि पुढच्या पाहुण्याच्या गुडघ्याला त्याचे उत्तर मिळते. लहानपणापासून माणसांनी बाटलीवर वाढवलेला बोकड किंवा मेंढा तर माणसाला आपल्यातलाच एक समजतो. मोठा झाल्यावर तो त्याच नात्याने धडक देतो. तो ‘फार प्रेमळ’ आहे असे कोणी सांगितले, तरी मुलीला त्याच्याकडे पाठ करू देऊ नये.

चेहऱ्यावर हसू असू द्यावे, हेही मी उगाच सांगत नाही. इंग्लंडमधील शेळ्यांच्या एका आश्रयस्थानात केलेला प्रयोग 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात 20 शेळ्यांना अनोळखी माणसांच्या चेहऱ्याची हसरी आणि रागीट अशी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी दाखवण्यात आली. शेळ्या हसऱ्या चेहऱ्याकडे अधिक वळल्या. गंमत म्हणजे हसरे छायाचित्र उजव्या हाताला असतानाच हा फरक दिसून आला.

शेळी चरत असताना मुलीला खाली वाकून तिच्या डोळ्यात पाहायला सांगावे. डोळ्यातील बाहुली आडव्या फटीसारखी असते, आणि शेळीने मान खाली घातली तरी ती फट जमिनीला समांतरच राहते, कारण बुबूळ खोबणीत तेवढे फिरते. वाघरू कोणत्याही बाजूने आले तरी दिसावे यासाठी ही योजना आहे. आपली मुलगी तिला धावत येताना किती दुरून दिसत असेल, हे त्या डोळ्यात एकदा पाहिले की मुलीलाही कळते.

प्रश्न : ‘निवांत मुक्काम’ म्हणून गेलो. पहाटे अंधारात कोंबडा सुरू झाला, त्याच्यामागोमाग दुसरे, आणि मग गाढव. झोपेचे खोबरे झाले. तक्रार करावी का?

करून पाहावी, कोंबडा ऐकणार नाही. जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी 2013 साली दाखवून दिले, की कोंबडे केवळ उजेड पाहून आरवत नाहीत. सतत मंद प्रकाशात ठेवले तरी ते आपल्या आतल्या घड्याळाप्रमाणेच आरवतात, आणि दिवस उजाडण्याच्या सुमारे दोन तास आधी सुरू होतात. म्हणजे खुराड्याला पडदा लावून काही साधणार नाही. पुढे 2015 मध्ये त्याच संशोधकांना असेही आढळले, की आधी मानाचा कोंबडा आरवतो आणि मग बाकीचे उतरत्या क्रमाने. तुमच्या झोपेचे खोबरे झाले हे खरे. परंतु ते ज्येष्ठतेप्रमाणे रीतसर झाले, एवढे समाधान मानावे. गाढव मात्र बहुतेक वेळा सोबत्याला हाक देत असते किंवा वैरण आणणाऱ्याच्या पावलांची चाहूल लागल्याचे जाहीर करत असते. कानात घालायचे बोळे सोबत न्यावेत आणि गोठ्यापासून लांबची खोली मागून घ्यावी.

प्रश्न : जनावरांसाठी घरून खाऊ न्यावा, असे मुलांना वाटते. पाव, धान्य, फळे चालतील का? शिवाय माझी सून गरोदर आहे आणि वडील ऐंशीचे आहेत. त्यांना न्यावे का?

खाऊ नेऊ नये. शेळी काहीही खाते हा समज शेळीच्या जिवावर उठणारा आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात गवताचा चोथा आंबवून पचवणारे असंख्य सूक्ष्मजीव असतात. पाव किंवा धान्य एकदम पोटात गेले, की तेथे आम्ल झपाट्याने वाढते, हे सूक्ष्मजीव मरू लागतात, पोट फुगते आणि जनावर दगावूही शकते. एका पाहुण्याने दिलेल्या मूठभर खाद्याने काय होणार, असे वाटते खरे. पण त्या दिवशी आलेल्या दहाही पाहुण्यांना तेच वाटलेले असते. गाढवाचा प्रश्न निराळा आहे. त्याचे शरीर रुक्ष प्रदेशातील वाळक्या चाऱ्यावर जगण्यासाठी घडलेले असल्यामुळे गोडधोडाने ते लठ्ठ होते आणि खुरांच्या आत दाह होऊन लंगडू लागते. शेतावरची माणसे स्वतः काही चारायला देतील, तेव्हा ते हाताचा तळवा सपाट ठेवून आणि अंगठा बोटांना चिकटवून द्यावे.

सुनेने अवश्य जावे, परंतु विणारी किंवा नुकतीच व्यालेली शेळी-मेंढी, तिची पिल्ले, वार आणि तेथील मळलेले कपडे यांच्यापासून तिला पूर्णपणे दूर ठेवावे, कारण त्यांच्यातील काही जंतूंमुळे गर्भपात होऊ शकतो. आश्रयाला आणलेली मादी कधीकधी गाभणच आलेली असते. म्हणून जाण्यापूर्वी चौकशी करावी आणि डॉक्टरांचा सल्लाही घ्यावा. न तापवलेले दूध कोणीच पिऊ नये. वडिलांनी आणि लहान मुलांनी जनावरांना हात लावल्यावर, तसेच खाण्यापूर्वी, साबण आणि वाहत्या पाण्याने हात धुवावेत. शेणामातीने माखलेल्या हातांवर सॅनिटायझर पुरेसे काम करत नाही. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असतील, तर ती घेऊनच निघावे. परतल्यावर काही दिवसांत जुलाब झाले, विशेषतः रक्त पडले, तर जनावरांच्या सहवासात राहून आल्याचे डॉक्टरांना न विसरता सांगावे.

प्रश्न : शेतावरच्या एका गाढवाचा माझ्या मुलाला फार लळा लागला आहे. आमच्याकडे मोकळी जागा आहे. ते आम्हाला सांभाळायला मागता येईल का?

एकटे गाढव मागू नये, आणि एकटे देणारे शेत असेल तर त्या शेताविषयीच शंका घ्यावी. गाढवे जोडीने राहतात. ही जोडी नर-मादीचीच असते असे नाही. दोन म्हाताऱ्या माद्याही एकमेकींवाचून चारा सोडतात. हे भावनेच्या भरात लिहिलेले नाही. गाढवाने खाणे थांबवले, की अंगातली चरबी मोठ्या प्रमाणात रक्तात उतरते, यकृत निकामी होऊ लागते आणि काही दिवसांतच प्राणावर बेतते. म्हणूनच जोडीतले एक मेले, तर जाणती माणसे ते लगेच उचलून नेत नाहीत. दुसऱ्याला त्याच्यापाशी राहू देतात. ते हुंगते, खुराने हळूच ढोसते, कधी ओरडते, आणि केव्हातरी स्वतःहून बाजूला होऊन चरू लागते. तेवढा वेळ द्यावा लागतो. हे सारे आज नीट ठाऊक आहे, त्याचे बरेच श्रेय एलिझाबेथ स्वेंडसेन यांनी 1969 साली इंग्लंडमध्ये स्थापन केलेल्या गाढवांच्या आश्रयसंस्थेला द्यावे लागेल.

जोडी मागण्याचा विचार असेल, तर गाढव पंचवीस-तीस वर्षे सहज जगते, हे लक्षात घ्यावे. तुमचा मुलगा आज दहा वर्षांचा असेल, तर गाढवाच्या म्हातारपणी तो चाळिशीच्या आसपास असेल. खूर छाटणारा माणूस, मोठ्या जनावरांचा डॉक्टर, कोरडा निवारा आणि गावाला जाताना मागे कोणीतरी, हे सगळे तोवर लागणार. त्यापेक्षा पुष्कळ शेतांवर एखाद्या जनावराचा दरमहाचा खर्च उचलण्याची सोय असते, ती पाहावी. ते गाढव तेथेच, आपल्या सोबत्याजवळ राहते. खराऱ्याच्या वेळी मुलाला मदतीला घेतात का, हेही विचारावे. खरारा नेहमी मानेपासून मागे करत जावा, एक हात सतत पाठीवर ठेवावा, आणि पाठीमागून जायचे झाल्यास बोलत जावे, कारण शेपटीच्या थेट मागचे गाढवाला दिसत नाही. ते आवडले, की गाढव खालचा ओठ लोंबता सोडून डोळे अर्धवट मिटते, आणि खरारा थांबला की मान वळवून मुलाच्या कोपराला नाक लावते.