जंगलाचे तुकडे झाले तर वाघाचं नुकसान समजतं. पण रानमांजर, उदमांजर अशा लहान शिकाऱ्यांना थोडी जागा पुरत नाही का?

नाही पुरत. "लहान जनावराले लहान जागा पुरते" हे माझा चुलतभाऊ गेली कित्येक वर्षं ऐकवतोय, म्हणून लिहायला बसलो.

आमचं शेत नागपूरजवळ, उमरेड रोडला. पलीकडे सरकारी झुडपी, म्हणजे खुरट्या झुडपांचं रान, अलीकडे नाला, आणि दोन्हींना जोडणारा आमचा धुरा, म्हणजे शेताचा बांध: बोरी, पळस, भराटी. भावाने जेसीबी लावून एका दुपारी तो साफ केला. "काय राह्यते त्याच्यात, झुडपंच त हायेत!" त्याच हिवाळ्यात सकाळी डांबरी रस्त्यावर एक मांजर मरून पडलेलं दिसलं. भाऊ म्हणाला, पिल्लू आहे कोणाचं तरी. मी उचललं. वजन किलोभर साखरेच्या पिशवीएवढं, पाठीवर गंजाच्या रंगाचे ठिपके, कपाळावर पांढरे पट्टे, शेपटीवर मात्र काहीच नाही. ओल्या आचळांभोवतीचे केस चिकटलेले. पिल्लू कसलं, पूर्ण वाढलेली वाघाटी होती ती, रानमांजरांतली अगदी लहान जात. पिल्लं मागे कुठेतरी झुडपात. दोन दिवस शोधली, सापडली नाहीत.

जागा किती उरली यापेक्षा एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचं कसं, हा खरा प्रश्न. वाट मोडली की रस्ता आणि गावची कुत्री. पेंच व्याघ्रप्रकल्पातून जाणाऱ्या मनसर-खवासा महामार्गाखाली जनावरांसाठी ९ ठिकाणी वाट ठेवलीय, तिथल्या कॅमेऱ्यांत वाघासोबत रानमांजरंही आलीत. आमच्या रोडखाली एक मोरी, तीही गाळाने बुजलेली.

मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विदर्भातली सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी वनच आहे म्हटलं, तर भाऊ म्हणतो, कोर्टाने आपली झुडपी पाहिली नाही.

आता हे खरं की सगळ्यांचं सारखं नसतं. उदमांजर कौलावर राहून जांभळं-सिताफळं खाईल, मुंगूस कुठेही निभावतं. वाघाटीही शेताच्या आसऱ्याने राहते. मी काही प्राणीशास्त्रवाला नाही, आणि एका मेलेल्या मांजरीवरून सिद्ध काहीच होत नाही.

तुमचं शेत असेल तर धुऱ्यावरची झुडपं ठेवा. आमच्याकडे आता हरभऱ्यात उंदीर झालेत, भाऊ त्यांना औषध टाकतो, आणि ते उंदीर खाणारं जे काही उरलंय तेही मरतं. धुरा परत वाढू दे म्हटलं, तर म्हणतो तुरीची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, कमी होतील. होतील, मान्य.