मासा मागे येतो, पण ल्यूरला तोंड लावत नाही!

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : ओढ्यातले ट्राउट (गार पाण्यातले मासे) आणि ल्यूर (नकली आमिष)

प्रश्न : दादा, आमच्या इथल्या ओढ्याचं पाणी एकदम काचेसारखं स्वच्छ आहे आणि ट्राउट भरपूर दिसतात. स्पिनर (फिरत्या पात्याचा ल्यूर) टाकला की एखादा मागे येतो, अगदी पायापर्यंत येतो आणि वळून निघून जातो. चांदी, सोनेरी, काळा, ठिपक्यांचा, सगळे रंग घेऊन झाले. नक्की कुठला ल्यूर घेऊ?

नवीन ल्यूर आत्ता घेऊच नका. मासा मागे येतोय म्हणजे ल्यूर त्याला आवडलाय, गडबड दुसरीकडे आहे आणि माझ्या मते ती तुम्ही कुठे उभे राहताय त्यात आहे. ट्राउट कायम प्रवाहाकडे तोंड करून असतो, कारण खाणं वरून वाहत येतं आणि कल्ल्यांतून पाणीही तसंच खेळतं. आता तुम्ही वरच्या अंगाला उभे राहून खाली कास्ट केलंत, म्हणजे ल्यूर फेकलात, तर तुम्ही बरोब्बर त्याच्या नजरेसमोर आणि शिवाय तुमचा स्पिनर प्रवाहाच्या उलट दिशेने चढत येतोय. वाहत्या पाण्यात दमलेला छोटा मासा असा जोरात वर पळत नाही. मग हा येतो कुतूहलाने, शेवटच्या दोन मीटरवर त्याला तुमचे पाय दिसतात आणि विषय संपतो.

म्हणून खालून वर जा. डोहाच्या शेपटीकडून, म्हणजे खालच्या टोकाकडून, हळूहळू पुढे सरका आणि वाकून चाला, कारण पाण्याच्या पातळीपासून जितके कमी वर असाल तितके त्याला कमी दिसता. पाठीमागचं त्याला जवळजवळ दिसत नाही, पण दगडावर बूट आपटला की ती थरथर त्याच्या अंगावरच्या रेषेला, ज्याला लॅटरल लाइन म्हणतात, तिला लगेच कळते, त्यामुळे पाण्यात उतरायची गरज नसेल तर काठावरच राहा.

आता कास्ट वर किंवा तिरकं वर करायचं आणि इथेच बऱ्याच जणांचं घोडं अडतं, कारण ल्यूर प्रवाहाबरोबर तुमच्याकडे येतो. पाण्याच्याच वेगाने लाइन (गळाची दोरी) गुंडाळलीत तर स्पिनरचं पातं फिरतच नाही, तो नुसता मेलेल्या पानासारखा वाहत येतो आणि तळाला जाऊन अडकतो. पाण्यापेक्षा थोडं जास्त वेगाने गुंडाळा, थोडंच. ल्यूर पाण्यात पडला रे पडला की ढिली लाइन उचला आणि रॉडच्या टोकाने एक छोटा झटका द्या, पातं सुरू होतं आणि टोकाला बारीक गुणगुण जाणवायला लागते. ती गुणगुण हाताला ओळखीची झाली पाहिजे. मधेच थांबली तर एकतर वेग कमी पडलाय नाहीतर पात्यात शेवाळ अडकलंय. आणि सुरुवातीच्या त्या एक मीटरमधे पूर्ण लक्ष ठेवा, कित्येक मासे ल्यूर पडल्या पडल्याच घेतात.

टाकायचं कुठे? वेगवान आणि संथ पाण्याची जी शिवण दिसते, जिथे फेसाची रेघ सरकत असते, तिथे पहिलं. मग मोठ्या खडकाच्या मागे, आणि पुढेही, कारण खडकासमोर पाण्याची एक मऊ गादी तयार होते आणि तिथे बरेचदा चांगला मासा बसलेला असतो. मग काठाखाली पोखरलेल्या कपारी, आणि खळाळ जिथे डोहात उतरतो ते तोंड. पहिलं कास्ट सगळ्यात महत्त्वाचं असतं हो, त्यामुळे डोहाच्या मधोमध धाडकन टाकण्यापेक्षा आधी जवळचं पाणी तपासा, मग लांबचं.

तरी मागे येऊन वळलाच तर गुंडाळणं थांबवू नका, उलट जरासा वेग वाढवा किंवा रॉड बाजूला फिरवून ल्यूरची दिशा बदला. ल्यूर वळतो त्या क्षणी मासा बरेचदा ठरवून टाकतो. तेही जमलं नाही तर त्याच माशावर पुन्हा पुन्हा टाकू नका, तो शहाणा झालेला असतो, पुढे जा आणि परत येताना एक नंबर लहान स्पिनर किंवा बारीक मिनो (छोट्या माशाच्या आकाराचा ल्यूर) टाकून बघा.

खाली कास्ट करायचंच नाही असं मात्र नाही. फांद्या पाण्यावर टेकलेल्या असतील आणि दुसरीकडून ल्यूर पोचतच नसेल तर वरून लाइन वाहत सोडायची आणि फांदीखाली नुसतं धरून ठेवायचं, प्रवाहच पातं फिरवतो. फक्त लांबून करा.

प्रश्न : सुरुवात करतोय. रॉड, लाइन, स्पिनरचा नंबर काय घेऊ? आणि लाइनला सारखा पीळ पडतो त्याचं काय?

लहान ओढ्यासाठी ५ ते ६ फुटांचा अल्ट्रालाइट रॉड, १००० किंवा २००० साइजचं स्पिनिंग रील, ४ पौंडी (म्हणजे ४ पौंड ताण सोसणारी) मोनो लाइन, एकाच धाग्याची. खडकाळ जागा असेल तर ६ पौंडी. स्पिनर ० आणि १ नंबर, २ ते ४ ग्रॅमचे, जास्त पाणी असेल तेव्हासाठी एखादा २ नंबर, आणि सोबत एक छोटा स्पून (चमच्यासारखा धातूचा ल्यूर), बास. ऊन आणि स्वच्छ पाणी असेल तर चांदी किंवा गडद रंग, पाणी चहासारखं असेल तर सोनेरी नाहीतर तांब्याचा.

पीळ स्पिनरमुळेच पडतो, लाइन आणि स्पिनरच्या मधे चांगल्या बेअरिंगची छोटी स्विव्हल (फिरती कडी) लावा आणि कास्टनंतर रीलची बेल (लाइन अडवणारी तारेची कमान) हँडल फिरवून नाही, हाताने बंद करा. निम्मा त्रास तिथेच कमी होतो.

प्रश्न : पाऊस पडून गेल्यावर जावं का?

पाणी चढत असताना नाही, आणि हे मी माशांसाठी नाही, तुमच्यासाठी सांगतोय, ओढा बघता बघता भरतो. पाणी उतरायला लागलं आणि गढूळपणा जाऊन नुसती हिरवट झाक उरली की मात्र नक्की जा, त्याच्यासारखी वेळ नाही. मासे तेव्हा काठाला, संथ पाण्यात येतात, ल्यूर थोडा मोठा आणि सावकाश चालवा.

प्रश्न : भर उन्हाळ्यात मासे सुस्त असतात, काय वापरलं की घेतील?

काही वापरू नका, थर्मामीटर वापरा. ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सियस पाणी मानवतं. १० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, २० अंशाला तो ९ वर येतो, आणि गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. अशा वेळी गळाला झुंजलेला मासा सोडून दिला तरी नंतर मरू शकतो, तुम्हाला तो पोहत गेलेला दिसतो एवढंच. १८ च्या वर गेलं की मी आवरतं घेतो आणि २० ला तर कुणीच टाकू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. जायचंच तर पहाटे जा, तेव्हा पाणी सगळ्यात गार असतं.

प्रश्न : मासा सोडून द्यायचा असेल तर तिहेरी गळ काढून टाकावा का? मग मासे सुटत नाहीत का?

काढाच. एकेरी गळ लावा आणि टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. थोडे सुटतील, पण लाइन ताणलेली ठेवलीत तर फार नाही, आणि जो येईल त्याचा गळ एका हाताने पाण्यातच निघेल. तिहेरी गळाची एक बाजू जबड्यात आणि दुसरी डोळ्याजवळ रुतलेली एकदा बघितलीत की परत लावावासा वाटणार नाही. काही पाण्यांवर एकेरी गळाचाच नियम असतो आणि काही ठिकाणी फक्त फ्लाय (किड्यासारखं हलकं नकली आमिष) चालते, स्पिनर नाहीच, त्यामुळे लायसन घेताना तिथले नियम आणि सीझन नीट वाचून घ्या.

सोडताना हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच थर त्याला रोगापासून वाचवतो. कल्ल्यांत बोट घालू नका, पोट दाबू नका, जाळं रबराचं घ्या. फोटो काढायचा तर मासा पाण्यातच ठेवून सगळी तयारी करा आणि क्षणभरच उचला. मग तोंड प्रवाहाकडे करून नुसतं धरा, पुढेमागे हलवत बसू नका, ताकद आली की तो स्वतःच जातो. गळ खोल घशात गेला असेल तर ओढाओढ न करता लाइन तिथेच कापा.

आणि याच्याशीच जोडलेली एक गोष्ट, जी कुणी विचारली नाही पण सांगतो. ब्राउन आणि ब्रूक ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतात, रेनबो बहुतेक करून वसंतात. मादी शेपटीने खडी उकरते, त्यामुळे डोहाच्या शेपटीशी उथळ पाण्यात एखादा लांबट गोल पट्टा आजूबाजूपेक्षा फिकट, धुतल्यासारखा दिसतो. गार पाण्यात ती अंडी फुटायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात, तोवर ती त्याच खडीखाली असतात. तिथे पाय ठेवू नका, आणि त्या पट्ट्यावर जोडी दिसली तर त्यांच्यावर ल्यूरही टाकू नका.