पायथनमध्ये लिस्टमधल्या नावांची एकच ओळ लूप लावून कशी तयार करायची?

तुम्ही दोन अडचणी लिहिल्या आहेत. गैरहजर मुलांच्या लिस्टवर फॉर लूप लावला तर फक्त शेवटचं नाव छापलं जातं, आणि ते कसंबसं जमवलं तर ओळीच्या शेवटी एक स्वल्पविराम उरतो. मी काही वर्षं नवख्यांना पायथन शिकवतोय. या दोन्ही जागी जवळजवळ प्रत्येक जण अडकतो, तेव्हा नीट सांगतो.

पहिली अडचण जागेची आहे. ओळ रिकामी करणारं वाक्य, म्हणजे ओळ = "", तुम्ही लूपच्या आत लिहिलंय. त्यामुळे दर फेरीला आधीचं सगळं पुसलं जातं आणि शेवटच्या फेरीतलं नाव तेवढं शिल्लक राहतं. ते वाक्य फॉरच्या वर न्या. प्रिंट लूप संपल्यावर, फॉरच्याच रेषेत हवं. नाहीतर अर्धवट ओळी छापत बसेल. लूपच्या आत एवढंच ठेवा:

ओळ = ओळ + नाव + ", "

(पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची, म्हणजे माहिती ज्यात साठवतो त्यांची, नावं देवनागरीत चालतात, म्हणून हे वाक्य असंच्या असं चालेल.) आता कंप्यूटर बाजूला ठेवा आणि कागदावर तीन फेऱ्या मांडा:

"रोहन, "
"रोहन, सायली, "
"रोहन, सायली, इरफान, "

हे मी प्रत्येकाकडून हातानं करून घेतो. ओळ दर फेरीला कशी वाढते ते डोळ्यांना दिसलं की पुढचं सोपं जातं.

आता उरलेला स्वल्पविराम. हाताची पाच बोटं बघा: बोटं पाच, पण मधल्या फटी चारच. स्वल्पविराम फटीत बसतो, आणि आपण तो प्रत्येक बोटाला चिकटवतोय. बरेच जण यावर शेवटची दोन अक्षरं कापून टाकतात. मीही एका शिकवणी वर्गाच्या मेसेजसाठी तेच केलं होतं. ओळीची सुरुवात रिकामी न ठेवता "आज गैरहजर: " अशी ठेवली आणि शेवटी दोन अक्षरं कापली. महिनाभर उत्तम चाललं. मग एके दिवशी सगळी मुलं हजर होती. लिस्ट रिकामी, लूप एकदाही फिरला नाही, कापणीत अपूर्णविराम (:) आणि त्यापुढची मोकळी जागा गेली आणि सगळ्या पालकांना नुसतंच "आज गैरहजर" असं गेलं. आपलंच मूल वर्गात पोचलं नाही, असं वाटून घाबरलेल्या आईवडिलांचे फोन मी संध्याकाळपर्यंत घेत होतो. तेव्हापासून कापणी बंद, आणि लिस्ट रिकामी आहे का हे आधी तपासतो.

कापण्यापेक्षा स्वल्पविराम नावाच्या आधी जोडा, फक्त पहिल्या नावाला तो वगळा. पहिलं नाव ओळखायला क्रमांक वापरा; दर फेरीला नावासोबत क्रमांक देणारं एन्यूमरेट (enumerate) त्यासाठीच आहे. "ओळ रिकामी असेल तर पहिलं नाव" अशी अट घातलीत आणि लिस्टमधलं पहिलं नावच चुकून कोरं निघालं, तर हिशेब बिघडतो.

हे जमलं की मगच तुकडे एकत्र जोडणाऱ्या जॉइनकडे (join) वळा. जॉइन ही मेथड लिस्टची नाही, स्ट्रिंगची, म्हणजे अवतरणातल्या मजकुराची, आहे: स्वल्पविरामाच्या स्ट्रिंगवर जॉइन बोलवायचं आणि कंसात लिस्ट द्यायची. सुरुवातीला उलटं वाटतं. पण त्यामुळेच ती लिस्ट, टपल (न बदलणारी यादी), फाइलच्या ओळी, सगळ्यांना चालते. लिस्टमध्ये हजेरी क्रमांकासारखे आकडे असले तर मात्र टाइपएरर येईल; आधी एसटीआर (str) लावून त्यांची स्ट्रिंग करा.

जॉइन वापरायचं आणखी एक कारण आहे. पायथनची स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलत नाही. आपण "जोडतो" तेव्हा खरं तर जुनी अक्षरं नव्या स्ट्रिंगमध्ये पुन्हा उतरवली जातात. दहा-दहा अक्षरांचे १,००० तुकडे असे जोडले तर उतरवण्याची बेरीज ५० लाख अक्षरांच्या वर जाते, जरी शेवटचा मजकूर १०,००० अक्षरांचाच असला तरी. सीपायथन (पायथनची नेहमीची आवृत्ती) काही वेळा जागच्या जागी वाढवून हा खर्च टाळतो, पण त्यावर विसंबू नका. जॉइन आधी एकूण लांबी मोजतं, तेवढी जागा घेतं आणि प्रत्येक तुकडा एकदाच उतरवतं. तुमच्या चाळीस मुलांच्या वर्गाला हा फरक जाणवणारही नाही. मोठी फाइल आली की जाणवेल. मधे काही अटी असतील तर लूपमध्ये रिकाम्या लिस्टला एकेक तुकडा अपेंड करत (शेवटी जोडत) जा आणि बाहेर आल्यावर एकदाच जॉइन करा. मी रोज असंच लिहितो.

आणि मेसेज मराठीत जाणार आहे, तर शेवटच्या नावाआधी "आणि" हवंच: "रोहन, सायली आणि इरफान". शेवटचं नाव सोडून बाकीची जॉइन करा, पुढे " आणि " आणि मग शेवटचं नाव जोडा. एकच मूल गैरहजर असेल तर मात्र ही युक्ती " आणि इरफान" असं छापेल, म्हणून एका नावाची अट वेगळी लिहा. शून्य, एक, दोन आणि पाच नावं, अशा चार लिस्ट देऊन तपासा आणि मगच पालकांना पाठवा.